घागरीवरची ठिपक्यांची अक्षरं

दिवाळीनंतर धाकट्या भावाचा फोन आला. गावाकडचं माळवद या उन्हाळ्यात उतरवायचं ठरलंय, बळदातली भांडी तेवढी मोडीत घालून टाकू, तू ये. गेलो. दोन पोती भरली. तालुक्याच्या बाजारातल्या भांड्याच्या दुकानात पोती रिकामी केली तेव्हा झालेला आवाज मला आवडला नाही. घरात भांडं पडल्यावर होतो तसला नव्हता तो. दुकानदार सरावाचा माणूस. पितळ इकडं, तांबं तिकडं, जर्मन पार तिकडं. एक पितळी घागर हातात आल्यावर मात्र थांबला. डाग दिलेला असला तर वजनात कापायचा म्हणून त्यानं ती उजेडाकडं फिरवली आणि काठाखालची ठिपक्यांची अक्षरं वाचायला लागला. ‘माळेगाव यात्रा. पशुप्रदर्शन. ला. कं. वळू. दुसरा. जि. प. नांदेड.’ मग काट्यावर ठेवून त्याच सुरात पुढं वाचलं, ‘दोन किलो आठशे.’

दुसरा?

आमच्या घरात ही गोष्ट ज्यानं सांगितली त्यानं ‘पयला’ असंच सांगितलं. माझ्या आजोबांच्या, आबांच्या, माणक्या वळूचा माळेगावात पयला नंबर आला होता. वडील सांगायचे, चुलते सांगायचे, सोयरिकीची माणसं बैठकीत बसली की चहाच्या आधी हे यायचंच. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांनासुद्धा सांगून झालं होतं. माणक्या मी पाहिलेला नाही, माझ्या जन्माआधीच तो गेला. पण त्याचं वशिंड कसं डुलायचं, गळ्याखालची पोळी कशी गुडघ्याला लागायची, हे मी डोळ्यांनी बघितल्यासारखं सांगू शकतो. घागर मात्र पाहिली होती. रोज पाहिली होती, तिच्यातलं पाणी प्यालो होतो. अक्षरं आहेत हेही माहीत होतं. वाचली नव्हती. घरातल्या सगळ्याच भांड्यांवर कुणाची ना कुणाची नावं असतात, ती कोण वाचतं?

भावाला म्हटलं, ही राहू दे. तो म्हणाला, ‘ठेव की. पण ठेवशील कुठं, तुझ्या फ्लॅटात?’

आता ती नांदेडच्या घरी बाल्कनीत आहे. वर्षाचा आकडा जिथं असायला हवा होता नेमका तिथं पोचा आहे. घागर एकदा आडात पडली होती आणि गळ टाकून काढताना दगडावर आपटली, त्याची ती खूण. उरलंसुरलं चिंच आणि राखेनं गेलं. तीन पिढ्यांच्या बायकांनी घासून घासून अक्षरांची टोकं बोथट केली आहेत. पण ‘जि. प.’ शाबूत आहे, आणि तेवढ्यावर हिशोब लागतो. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला. म्हणजे त्या साली मार्गशीर्षात जी यात्रा भरली तिच्या आधीची ही घागर नाही. वडील म्हणायचे, मी चौथीत होतो. वडिलांची जन्मतारीख दाखल्यावर १ जून आहे, आणि त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचीही १ जूनच. गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या तोंडावर सगळ्यांना एकदमच जन्माला घातलं होतं. त्यामुळे इतिहासाला ही तारीख उपयोगाची नाही. पासष्टच्या आसपास, असं धरून चालतो.

माळेगावची यात्रा आमच्याकडं कुणाला समजावून सांगावी लागत नाही. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते आणि दुसऱ्याच दिवशी वेळामावस्या. सगळं गाव रानात, भज्जी आणि आंबिल, कडब्याच्या कोपीत पांडव मांडलेले. आणि ज्यांच्या दावणीला काही दाखवण्याजोगं आहे ती माणसं वेळामावस्या बुडवून खंडोबाच्या माळावर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सात वर्षांचा असेन. थंडी अशी की पहाटे कासरा हाताला चिकटायचा. नाकात एकाच वेळी चार वास शिरत होते: भंडाऱ्याचा, तळणीच्या तेलाचा, ओल्या कडब्याचा आणि घोड्यांच्या लिदीचा. घोड्याच्या लिदीला बैलाच्या शेणासारखा घरगुती वास नसतो, हे मला त्या दिवशी कळलं. उगवतीला सगळा माळ पिवळा दिसत होता. ऊन होतं की भंडारा होता, आता सांगता येणार नाही. लाऊडस्पीकरवर हरवलेल्या पोरांची नावं, मधूनच ‘येळकोट येळकोट’, आणि खाली मातीत एक माणूस गाढवाच्या दातांवर बोट फिरवत अगदी शांत बसलेला.

या माळावर घोडे कुठून आले, असा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. आमच्याकडं घोडा लागतो लग्नात, तोही तासाभरासाठी. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या मुलखाचा नकाशा डोळ्यांपुढं आणला की थोडं उलगडतं. हिंगोलीला आणि मोमिनाबादेला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चानं ठेवलेल्या इंग्रजी फौजेच्या, छावण्या होत्या. तिथलं घोडदळ सिल्लेदारी पद्धतीचं, स्वारानं घोडा स्वतःचा आणायचा. आणायचा म्हणजे कुठून तरी घ्यायचा. ही दोन्ही गावं आणि मध्ये माळेगाव, एवढं पाहिलं की मला वाटतं, देवाच्या यात्रेला घोडा चिकटला तो असाच असेल. फौजा गेल्या, निजामी गेली, घोडे मात्र दर मार्गशीर्षात येत राहिले. आता ते रील काढायला येतात. पांढराशुभ्र घोडा, त्याची किंमत मालक सांगतो तेवढी, आणि भोवती मोबाइल धरलेले दोनशे हात.

शेतीचं प्रदर्शन ही मात्र वेगळी गोष्ट, आणि ती यात्रेपेक्षा पुष्कळ धाकटी. आमच्या सीमेपलीकडं नागपुरात डिसेंबर १८६५ मध्ये मोठं प्रदर्शन भरलं होतं, रिचर्ड टेंपल तिथं चीफ कमिशनर होता तेव्हा. कारागिरी, यंत्रं आणि शेतमाल एकाच मांडवात. पुण्याकडं जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला त्यात सरकारला जे उपाय सुचवले, त्यात हाही एक होता: दरसाल श्रावणात प्रदर्शनं भरवावीत, आश्विनात पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात, उत्तम शेतकऱ्याला बक्षिसं द्यावीत. मला त्यातली औत हाकण्याची परीक्षा फार आवडते. शेतकऱ्याचं कौतुक त्याच्या वस्तूसाठी नाही, हातासाठी व्हावं, असा विचार त्या काळात किती जणांनी केला असेल! पुढं वस्तूलाच बक्षीस मिळत गेलं. भोपळ्याला, ऊसाच्या टिपऱ्याला, वळूला. बाकी फुल्यांचा श्रावण आमच्या काळ्या रानात चालला नसता. श्रावणात आमच्याकडं गाडी वेशीबाहेर पडत नाही, चिखलात आखापर्यंत रुतते.

आमचा मुलूख निजामाकडं होता, सप्टेंबर १९४८ पर्यंत. त्यामुळे हे वारं इकडं पोचायला वेळ लागला, आणि पोचलं तेव्हा ते जीपमधून आलं. पंचायत समिती, बीडीओ, ग्रामसेवक, शेतीखात्याचा विस्तार अधिकारी. ही सगळी माणसं गावात एकदमच उगवली. वडील सांगायचे की यात्रेत एका राहुटीत ज्वारीची कणसं ताटात मांडून ठेवली होती आणि लोक हात मागं बांधून बघत होते. ताटात भाकरी असते, कणीस कशाला? १९६४ मध्ये सीएसएच-१ आलं, देशातलं पहिलं संकरित ज्वारीचं वाण, आणि ‘हायब्रीड’ हा शब्द आमच्या बोलीत आला तो परत गेलाच नाही. बुटकं धाट, गच्च कणीस. आजीला ते कणीस बघून आनंद झाला नव्हता म्हणे. कडबा कुठाय, असं तिनं विचारलं. माणसाचं झालं, ढोरानं काय खायचं? प्रदर्शनातल्या तज्ज्ञांना हा प्रश्न कुणी विचारला की नाही, ठाऊक नाही. बायका राहुटीत जात नव्हत्या.

ढोराच्या प्रदर्शनाचं तर आणखी गमतीचं. कारण ढोरं बघायची, त्यांची पारख करायची, हे यात्रेत आधीपासून चालूच होतं. फक्त ते मोठ्यानं होत नव्हतं. बाजारात हेडी, म्हणजे ढोरांचा दलाल, यायचा, दात बघायचा, आदत आहे की दुसा की चौसा, शेपटी उचलून बघायचा, भोवरा कुठं पडलाय ते बघायचा, चार पावलं चालवायला लावायचा. मग मालकाचा हात हातात घ्यायचा, वर रुमाल टाकायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती पन्नास माणसं, आणि भाव फक्त दोघांना ठाऊक. सौदा मोडला तरी कुणाची नाचक्की नाही. माझं जनावर कितीला मागितलं हे गावाला कळत नाही, आणि त्यामुळे मी घरी जाऊन हवा तो आकडा सांगू शकतो. प्रदर्शन आलं आणि हा रुमाल उचलला गेला. दोरीचं रिंगण, टेबल, वही, आणि मग कर्ण्यातून नाव, गाव, नंबर. सगळ्या माळाला ऐकू जाईल असा. आपल्या दावणीला असलेलं जनावर दुसऱ्या नंबरचं आहे, हे असं चारचौघांत ऐकायची सवय त्या पिढीला कुठून असणार?

आणि नंबर द्यायचा तर कशावर? इथं ‘ला. कं.’ या दोन अक्षरांची गोष्ट येते. लाल कंधारी ही आमच्या कंधारची जात. माहितीपत्रकात लिहितात की चौथ्या शतकात सोमदेवराय नावाच्या राजानं ती वाढवली. एवढ्या जुन्या राजाच्या गोठ्याची खबर कुणी ठेवली असेल याची मला शंका आहे, पण कंधार जुनं खरंच, राष्ट्रकूटांच्या वेळचं. तर जात म्हटली की तिचं वर्णन आलं. अंगभर एकच लाल रंग, वळू गाईपेक्षा गडद, डोळ्याभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड, बांधा मध्यम. पलीकडं उदगीरच्या अंगाला देवणी. तिच्यात पांढऱ्यावर काळं कुठं आणि किती पडलंय यावरून वानेरा, बालंक्या, शेवेरा. पण शेतकऱ्याच्या गोठ्यात ही वर्णनं कुठं पाळली जातात! कंधारची गाय सोयरिकीतून उदगीरकडं जाते, तिकडचा खोंड हाळीच्या बाजारातून इकडं येतो. औताला दमदार आहे ना, पाय भुईत रोवतो ना, मग रंग काय बघायचा? प्रदर्शनाच्या वहीत मात्र रंगाला रकाना होता. लाल म्हणजे लाल.

त्याच माळावर, दोरीच्या रिंगणापासून फार लांब नाही, दुसरेही निवाडे चालत. घिसाडी, वैदू, गोसावी, मसणजोगी. वर्षभर फिरणारे हे सगळे माळेगावात एकत्र यायचे, सोयरिकी जमायच्या आणि जातपंचायती बसायच्या. कोण जातीत, कोण बाहेर, कुणाला दंड. लहानपणी मी चुलत्यांबरोबर अशा एका बैठकीच्या कडेला उभा राहिलो होतो. काय चाललंय विचारल्यावर चुलते म्हणाले, ‘जातीचं चाललंय,’ आणि मला वाटलं इथंही वळू आहेत. पुढं जाऊन बघितलं तर मधोमध एक बाई मान खाली घालून बसली होती. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळात मंजूर व्हायला २०१६ उजाडावं लागलं. ‘जात’ हा शब्द जनावरालाही तोच आणि माणसालाही तोच, हे तेव्हा कानाला खटकलं नव्हतं, आता खटकतं.

गेल्या मार्गशीर्षात मी घागरीपायी पुन्हा गेलो. म्हटलं, बघू तरी दुसरा नंबर कसा देतात. ठिबकवाले, पंपवाले, बियाणांच्या कंपन्यांचे फुगे, ट्रॅक्टरच्या दुकानापुढं डीजे. फळं-भाजीपाल्याच्या मांडवात एक पपई एवढी मोठी होती की तिच्याबरोबर लोक बायकापोरांसकट फोटो काढत होते. ढोरांचं रिंगण त्या मानानं गरीब. लाल कंधारी मोजक्याच, पण ज्या होत्या त्या अशा देखण्या की बघत राहावं. कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा अंकी नंबर. तपासणारी डॉक्टर पंचविशीची पोरगी, पायात गमबूट. ती वळूच्या पोटाखाली वाकली, बेंबटापाशी हात फिरवला, उठून टॅबवर काही टिपलं. वळूचा मालक तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. निकाल लागताना आई-बाप दवाखान्यात बघतात तसा. मला तिथं आबा दिसले असं म्हणणार नाही. आबा मला आठवतात ते खाटेवरचे, खोकणारे.

परतताना वाट वाकडी करून आत्याकडं गेलो. आत्या आता सत्तरी ओलांडलेली, ओट्यावर उन्हात बसून तुरीचं भूस पाखडत होती. तिला घागरीचा फोटो मोबाइलवर मोठा करून दाखवला. अक्षरं तिला वाचता येत नाहीत, मीच वाचून दाखवली. दुसरा म्हटल्यावर ती हसली नाही, दचकली नाही. सूप खाली ठेवलं.

‘हाव. दुसराच व्हता.’

मग तिनं सांगितलं. माणक्याच्या पोटाखाली एक पांढरा डाग होता. देवणीचं काहीतरी पणजीकडून आलेलं असणार. औताला, गाईला, कशालाच तो आड येत नव्हता. पण यात्रेच्या आधी ग्रामसेवक नाव लिहून घ्यायला आला आणि त्यानं सांगितलं, रंग एकच पाहिजे. आबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी तुळशीच्या वृंदावनाला लावायची काव त्यांनी पाट्यावर वाटायला घेतली. वाटली आत्यानं. तेलात कालवली, चिंध्याच्या बोळ्यानं माणक्याच्या पोटाला लावली, आबांनी शेपटी धरली होती. ‘लई निगुतीनं लावली बग म्या. उनात उबं केलं तरी कळंना.’ ती दहा वर्षांची होती. गाडीत बसून तीही माळेगावला गेली, त्या वर्षीची वेळामावस्या तिचीही बुडाली.

रिंगणात डॉक्टर आला. धोतर नाही, पाटलोण; त्यामुळे आत्याला तो आधी फौजदार वाटला. त्यानं दात बघितले, वशिंडावर हात ठेवला, मग गुडघ्यावर बसला आणि पोटाखाली हात घातला. हात बाहेर आला तेव्हा अंगठा लाल होता. त्यानं अंगठ्याकडं बघितलं. आबांकडं बघितलं. खिशातून रुमाल काढला, अंगठा पुसला, रुमालाची घडी केली आणि परत खिशात ठेवला. वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या वळूकडं गेला. एक शब्द बोलला नाही. मग कर्ण्यातून नाव आलं, दुसरा नंबर, आणि टेबलावरून घागर.

मी विचारलं, ‘मग पहिला म्हणून आबांनी का सांगितलं?’

‘आबांनी कुठं सांगितलं?’ आत्या म्हणाली. आबा परतीच्या वाटेवर बोललेच नव्हते. गाडी वेशीत आली तर पारावर माणसं बसलेली. कुणीतरी ओरडलं, कितवा? आबा कासऱ्याकडं बघत राहिले. आणि मागं घागर मांडीवर घेऊन बसलेली आत्या गाडीतूनच ओरडली, ‘पयला!’ पारावरची माणसं उठली, कुणी गुलाल आणला, कुणी नारळ. आबांनी वळून तिच्याकडं एकदा बघितलं. त्या दिवशी नाही, आणि नंतर कधीच नाही, त्यांनी ते दुरुस्त केलं नाही. अक्षरं होती घागरीवर, पण तेव्हा गल्लीत वाचणारे असून किती, आणि वाचणाऱ्यांनी घागर हातात कशाला घ्यावी?

‘तुला भीती वाटली नाही?’

‘भ्या वाटलं की. पण येवढी काव वाटली व्हती मी.’

ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं. आत्यानं परत सूप उचललं, दोन झटके दिले, भूस उडालं आणि माझ्या चहात पडलं. मी म्हटलं, डाग तरी केवढा होता? तिला नीट ऐकू गेलं नसावं म्हणून पुन्हा विचारलं. तिनं सूप एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताचा पंजा माझ्यापुढं उघडला. जरा विचार केला, आणि बोटं अर्धी मिटून घेतली.

‘येवढा. माझा हात तवा येवढाच व्हता ना.’